जुन्या बोर्डाचे फर्मवेअर : औरंगाबादच्या कारखान्यांतून दुकानांपर्यंत

मदरबोर्डला वीज मिळाली की प्रोसेसर ज्या सूचना सर्वांत आधी वाचतो, त्या हार्ड डिस्कवर नसतात. बोर्डावरच्याच एका लहानशा चिपमध्ये असतात. रॅम किती आहे, कीबोर्ड जोडलेला आहे का, डिस्क कोणती, याची चाचपणी करून पुढची सूत्रे ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देणे हे या सूचनांचे काम. वीज गेली तरी त्या पुसल्या जात नाहीत. चिपमध्ये कायम वस्तीला असलेल्या या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. पीसीच्या बाबतीत तिचे रूढ नाव बायोस. बोर्ड तयार झाला त्या दिवशी जगात जे भाग होते, तेवढेच तिला ठाऊक असतात. पुढे मोठी डिस्क आली, नवा प्रोसेसर आला किंवा एखादा दोष उघडकीला आला, की जुन्या बोर्डात नवी आज्ञावली भरावी लागते. हे काम कसे होत आले आणि कोणी केले, याचा इतिहास छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, दोन वाटांनी येतो. एक वाट औद्योगिक वसाहतींतल्या यंत्रांची, दुसरी संगणकाच्या दुकानांची. यंत्रांची वाट आधीची आहे, आणि दुकानदारीत पुढे ज्या सवयी उपयोगी पडल्या त्यांतल्या बऱ्याचशा तिथेच तयार झाल्या होत्या.

सुरुवातीच्या चिपांतली आज्ञावली कारखान्यात कोरलेली असे. ती बदलण्याची सोयच नव्हती. १९७१ साली इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी पुसून पुन्हा लिहिता येणारी ईप्रॉम चिप तयार केली आणि हा अडसर दूर झाला. या चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची गोल खिडकी असते. चिप सॉकेटमधून उचकटून अतिनील दिव्याच्या पेटीत पंधरा-वीस मिनिटे ठेवली की आतले सगळे पुसले जाते. मग ती प्रोग्रामरमध्ये बसवून वाढीव व्होल्टेजवर नवी आज्ञावली लिहायची. २ किलोबाइटच्या २७१६ चिपला त्यासाठी २५ व्होल्ट लागत. पुसण्याचे काम उजेड आपणहूनही करतो. थेट उन्हात साधारण आठवडाभरात, तर ट्यूबलाइटच्या सततच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत अशी चिप कोरी होऊ शकते, असा इशारा या चिपच्या माहितीपत्रकातच दिलेला असे. म्हणून खिडकीवर अपारदर्शक स्टिकर चिकटवण्याची पद्धत पडली, आणि त्याच स्टिकरवर आज्ञावलीची आवृत्ती व तारीख लिहिली जाऊ लागली. जुन्या बोर्डावरचा असा स्टिकर कुतूहलापोटी सोलून काढणे धोक्याचे आहे, ते याच कारणाने.

पीसीच्या फर्मवेअरची पहिली मोठी सुधारणासुद्धा चिप बदलूनच झाली. आयबीएमचा पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. त्याचा बायोस अवघा ८ किलोबाइटचा होता. सुरुवातीच्या आवृत्त्यांना ५४४ किलोबाइटपेक्षा जास्त मेमरी ओळखता येत नव्हती आणि विस्तार कार्डावरच्या रॉमची दखलही घेता येत नव्हती, त्यामुळे अशा रॉमवर चालणारे हार्ड डिस्कचे कार्ड घालून उपयोग नसे. २७ ऑक्टोबर १९८२ ही तारीख असलेल्या आवृत्तीने दोन्ही अडचणी सोडवल्या. ज्यांच्याकडे आधीचा बोर्ड होता त्यांना आयबीएमने नवी चिप विकत दिली. जुनी काढायची, नवी बसवायची. बोर्ड तोच राहिला आणि त्याची कुवत मात्र वाढली. जुन्या बोर्डाचे फर्मवेअर बदलण्यामागचा हिशेब तेव्हापासून आजवर हाच आहे.

औरंगाबादेत या सुमारास पीसी मोजकेच होते, पण फर्मवेअरवर चालणारी यंत्रे यायला सुरुवात झाली होती. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली सुरू झाले होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे चिकलठाण्याची वसाहत उभी राहिली. नोव्हेंबर १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे विणले गेले. गिअर, शाफ्ट, ब्रेकचे भाग हजारोंच्या संख्येत आणि एकसारख्या मापाचे हवे असतील तर हाताने चालवायच्या लेथवर भागत नाही. सीएनसी यंत्र लागते. सीएनसीचा कंट्रोलर म्हणजे स्वतःचा बोर्ड, स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःचे फर्मवेअर असलेला संगणकच. मराठवाड्यातल्या अनेक तंत्रज्ञांची फर्मवेअरशी पहिली गाठ घरच्या किंवा ऑफिसच्या संगणकावर पडली नाही. ती तेलकट शॉप फ्लोअरवर, कंट्रोल पॅनेलच्या उघड्या दारासमोर पडली.

त्या काळी भारतात सर्रास दिसणाऱ्या, फानुक कंपनीच्या झिरो मालिकेतल्या कंट्रोलरचे उदाहरण घेता येईल. या कंट्रोलरमध्ये तीन गोष्टी तीन ठिकाणी असत. कंट्रोलरची मूळ आज्ञावली कंपनीने दिलेल्या चिपांत. चक केव्हा आवळायचा, कूलंट केव्हा सोडायचा, टूल बदलताना कोणती खबरदारी घ्यायची, ही यंत्र बनवणाऱ्याने लिहिलेली क्रमावली, जिला कारखान्यात सगळे लॅडर म्हणतात, ती मुख्य बोर्डावरच्या ईप्रॉममध्ये. आणि त्या विशिष्ट यंत्राची मापे व मर्यादा सांगणारी पॅरामीटर्स बॅटरीच्या आधाराने टिकणाऱ्या रॅममध्ये. तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. बॅटरी वर्षाकाठी बदलायची असते आणि ती यंत्र चालू असतानाच बदलायची असते, कारण वीज बंद करून जुने सेल काढले की रॅमचा आधार सुटतो आणि पॅरामीटर्स पुसली जातात. यंत्राचे लोखंड ठणठणीत, मोटारी शाबूत, तरी यंत्राला आपल्या अक्षाची लांबी माहीत नाही, अशी अवस्था होते.

यावरचा उपाय पॅनेलच्या दारातच असे. यंत्रासोबत पॅरामीटर्सचा छापील तक्ता येई आणि तो दाराच्या आतल्या खिशात ठेवलेला असे. तो तक्ता असेल तर एकेक आकडा कीपॅडवरून पुन्हा भरायचा. शेकडो आकडे, आणि एक चुकला तरी अक्ष भलतीकडे धावण्याची भीती. विशेषतः ९०० क्रमांकापासूनची पॅरामीटर्स, ज्यांवर यंत्राला विकत घेतलेल्या सुविधा अवलंबून असतात, ती यंत्रागणिक वेगळी. तक्ता हरवला असेल तर यंत्र बनवणाऱ्याचे दार ठोठावण्यावाचून गत्यंतर नसे. पुढे आरएस-२३२ केबलने पॅरामीटर्स पीसीवर उतरवून घेण्याची सोय रुळली. नंतरच्या आय मालिकेत यंत्र सुरू करतानाच स्क्रीनखालच्या उजवीकडच्या शेवटच्या दोन कळा दाबून धरल्या की बूट सिस्टिमचा पडदा येतो आणि रॅममधली सगळी माहिती मेमरी कार्डावर जपून ठेवता येते. आधी जे आहे ते वाचून जपून ठेवायचे आणि मगच हात लावायचा, हा धडा इथे कोणी पुस्तकातून शिकले नाही. बंद पडलेल्या शिफ्टने तो शिकवला.

या कामासाठी माणसे तयार करणाऱ्या संस्थाही शहरात आल्या. विद्यापीठाच्या परिसरात केंद्र सरकारचे इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन व तंत्रज्ञानाचे केंद्र, सीईडीटीआय, उभे राहिले. पुढे ते डोएक संस्थेत सामील झाले आणि आज नायलिट या नावाने ओळखले जाते. चिकलठाणा वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूमने सीएनसी आणि साचेकामाचे प्रशिक्षण सुरू केले. अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांत ८०८५ प्रोसेसरचे किट असत. त्यावर हेक्स कीपॅड, सहा आकडी डिस्प्ले आणि ईप्रॉममधला मॉनिटर प्रोग्राम. त्या मॉनिटर प्रोग्रामशिवाय किट म्हणजे मुका बोर्ड. ज्या विद्यार्थ्याने असे किट वापरले त्याला बायोस म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नसे. किटवरचा मॉनिटर आणि पीसीवरचा बायोस यांत फरक आकाराचा, तत्त्वाचा नव्हे.

दुसरी वाट पीसीची. आयबीएमने आपल्या बायोसचा मजकूर तांत्रिक पुस्तिकेत छापलेला होता, पण त्याची नक्कल करायला कंपनीची परवानगी नव्हती. फिनिक्स कंपनीने १९८४ साली तीच कामे करणारा, पण स्वतंत्रपणे लिहिलेला बायोस विकायला काढला. अवॉर्ड ही दुसरी कंपनी, आणि १९८५ साली एस. शंकर व पॅट सर्मा यांनी अमेरिकेत स्थापन केलेली अमेरिकन मेगाट्रेंड्स (एएमआय) ही तिसरी. या तिघींच्या बायोसमुळे तैवानचे कारखाने आयबीएमच्या बायोसवर अवलंबून न राहता पीसीचे बोर्ड बनवू लागले. भारताने नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सोपी केली, १९९१ नंतर ती आणखी खुली झाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे आणि जोडून विकायचे, हा असेंबल्ड पीसीचा धंदा राज्यभर पसरला. त्यातून बायोसची जबाबदारी हळूच सरकली. ब्रँडेड संगणक घेतला तर कंपनीचा इंजिनिअर येई. असेंबल्ड पीसीचा बायोस ही गल्लीतल्या दुकानदाराची डोकेदुखी झाली. मराठवाड्यात संगणक परवडण्याजोगा झाला तो या दुकानदारांमुळे, ही गोष्ट संगणकाच्या इतिहासात नोंदवली जायला हवी.

याच काळात पीसीला मराठी आली तीही बोर्डाच्या रूपाने. आयआयटी कानपूरला सुरू झालेल्या संशोधनातून पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड तयार केले. हे कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसे आणि डॉसवर चालणाऱ्या साध्या इंग्रजी प्रोग्रामांतही देवनागरी लिहिता-वाचता येई, कारण लिपीची सगळी जुळणी कार्ड सांभाळत असे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की ही लिपी-संकेतप्रणाली प्रमाण म्हणून स्वीकारली. विंडोज रुळल्यावर हेच काम नुसत्या सॉफ्टवेअरने होऊ लागले आणि कार्ड मागे पडले. बोर्डावरची बुद्धी डिस्कवर सरकली, की तिची सुधारणा एका सीडीवर होते. त्यानंतर कार्डाची वाट कोणी पाहिली नाही.

चिप उचकटण्याची गरज संपवली ती फ्लॅश मेमरीने. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली तिची मांडणी जगासमोर ठेवली, इंटेलने १९८८ मध्ये ती बाजारात आणली आणि पेंटियमच्या काळात, १९९० च्या दशकाच्या मध्यावर, ती मदरबोर्डांवर नित्याची झाली. आता बायोस बोर्डावरच, विजेच्या साध्या संकेताने पुसता आणि लिहिता येऊ लागला. फर्मवेअर बदलणे हे काम दिव्याच्या पेटीतून निघून एका फ्लॉपीवर आले.

त्या फ्लॉपीची पद्धत ठरलेली होती. फॉरमॅट करतानाच सिस्टिम फाइल टाकलेली कोरी फ्लॉपी घ्यायची. तिच्यावर मेमरी व्यवस्थापनाचे कोणतेही प्रोग्राम ठेवायचे नाहीत, कारण ते लिहिण्याच्या प्रोग्रामच्या आड येतात. तिच्यावर अवॉर्डचा एडब्ल्यूडीफ्लॅश किंवा एएमआयचा तत्सम प्रोग्राम आणि बायोसची बिन फाइल. संगणक फ्लॉपीवरून सुरू करायचा, फाइलचे नाव टाइप करायचे. प्रोग्राम आधी विचारतो, जुना बायोस जपून ठेवायचा का? इथे नाही म्हणणारा माणूस पुढे पस्तावतो. होकार दिला की जुनी प्रत फ्लॉपीवर उतरते, मग लिहिण्याची पट्टी पडद्यावर सरकू लागते. मिनिटभराचे काम, पण त्या मिनिटात चिप अर्धी जुनी आणि अर्धी नवी असते. काम संपले की सेटअपमध्ये जाऊन मूळ सेटिंग पुन्हा लावायची. फाइल मात्र त्याच बोर्डाची, त्याच रिव्हिजनची हवी. बोर्डावर स्लॉटच्या मध्ये बारीक अक्षरात छापलेला रिव्हिजनचा आकडा टॉर्च लावून वाचण्याची सवय याच कामाने लावली. इंटरनेट नसलेल्या गावात फाइल मिळवणे हेच मोठे काम होते. संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या सीडींना म्हणून मोल होते.

हे सगळे करायची वेळ येई ती बहुधा डिस्कमुळे. जुन्या बायोसची मोजण्याची पद्धत ५०४ मेगाबाइटपाशी अडे. ती ओलांडली तर ८.४ गिगाबाइटची भिंत. ती ओलांडली तर ३३.८ ची, आणि पुढे १३७ गिगाबाइटची. १९९९ च्या मध्याआधीच्या कित्येक अवॉर्ड बायोसांना ३३.८ गिगाबाइटहून मोठी डिस्क जोडली की संगणक डिस्क ओळखण्याच्या टप्प्यावरच थिजून जाई. ग्राहकाला वाटे नवी डिस्क खराब निघाली; दोष जुन्या आज्ञावलीतल्या अंकगणिताचा असे. नवा बायोस मिळाला नाही तर डिस्कवरचा जंपर लावून तिची क्षमता ३२ गिगाबाइटवर आणायची आणि उरलेली जागा सोडून द्यायची. दुसरे कारण सन २००० चे. १९९५ च्या अखेरीपूर्वीचे काही अवॉर्ड बायोस ३१ डिसेंबर १९९९ नंतर थेट २०९४ साल दाखवत. जमाखर्च संगणकावर ठेवणाऱ्या कोणालाही हे परवडणारे नव्हते, आणि बायोस अपडेट हा शब्दप्रयोग व्यापाऱ्यांच्या कानावर पडला तो याच धास्तीत.

जे काम सोपे झाले ते घातपातालाही सोपे झाले. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी, सोमवारी, जगभर जागा झाला. डिस्कवरची माहिती तर त्याने पुसलीच, पण काही बोर्डांवर, विशेषतः इंटेलच्या ४३० टीएक्स चिपसेटच्या, त्याने फ्लॅश बायोसमध्येही कचरा लिहिला. असे बोर्ड चालूच होईनात. भारतालाही याचा फटका बसला. सॉफ्टवेअरने हार्डवेअर मारता येते ही गोष्ट तोवर अनेकांना खरी वाटत नव्हती. त्यानंतर बोर्ड बनवणाऱ्यांनी लिहिण्यावर कुलूप घालणारे जंपर आणि सेटअपमधले पर्याय दिले. गिगाबाइट कंपनीने तर एकाच बोर्डावर दोन बायोस चिपा बसवायला सुरुवात केली, म्हणजे एक बिघडली तर दुसरीवरून सावरता यावे.

मराठवाड्यात मात्र या कामाचा मोठा शत्रू व्हायरस नव्हता, भारनियमन होते. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली आणि तुटीची वर्षे सुरू झाली. गळती व वसुलीच्या प्रमाणात फीडरचे गट पाडले गेले. ज्या फीडरवर गळती जास्त तिथे अंधाराचे तास जास्त. एकाच शहरात दोन वस्त्यांची वेळापत्रके वेगळी. बायोस लिहिला जात असताना वीज गेली की चिपमध्ये अर्धवट मजकूर राहतो आणि बोर्ड डेड. पंखा फिरतो, दिवा लागतो, डिस्प्ले येत नाही. म्हणून वेळापत्रक पाहून आणि बॅटरीची खात्री असलेला यूपीएस लावूनच हे काम हाती घ्यावे लागे; आणि यूपीएसची बॅटरी रोजच्या भारनियमनाने आधीच थकलेली असे, हा पेच निराळाच. महानगरांतल्या पुस्तिकांत एका ओळीत येणारी सूचना, वीज बंद करू नका, या भागात आख्ख्या कामाचे नियोजन ठरवत होती.

डेड झालेला बोर्ड परत उठवण्याच्या युक्त्या त्याच वर्षांत पक्क्या झाल्या. चिपच्या शेवटच्या भागात बूट ब्लॉक नावाचा न पुसला जाणारा तुकडा असतो. तो शाबूत असेल तर तो निदान फ्लॉपी वाचू शकतो. पडदा काळा असतानाच फ्लॉपीचा दिवा लुकलुकला की तंत्रज्ञाच्या जिवात जीव येई. तो भागही गेला तर हॉट स्वॅप. तशाच चिपचा दुसरा चांगला बोर्ड सुरू करायचा, त्याची बायोस चिप सॉकेटमध्ये सैल करून ठेवलेली. डॉस सुरू झाले की बायोस रॅममध्ये उतरलेला असतो, चिपची तत्काळ गरज उरत नाही. चालू बोर्डावरूनच ती अलगद वर काढायची, तिच्या जागी मेलेली चिप दाबायची आणि लिहायला लावायची. चिमटा जरा सरकला आणि दोन पिना एकमेकींना टेकल्या तर चांगला बोर्डही हातचा जायचा. ज्याच्याकडे प्रोग्रामर नाही त्याने पत्करलेला हा धोका होता. ज्याच्याकडे तो आला त्याने हॉट स्वॅप सोडून दिला.

दोन हजारच्या दशकाच्या उत्तरार्धात बोर्डांवर आठ पिनांची एसपीआय फ्लॅश चिप आली आणि पुढे तिच्यासाठी सीएच३४१ए चिपवर चालणारा यूएसबी प्रोग्रामर स्वस्तात मिळू लागला. पैठण गेट परिसरात मोबाइल दुरुस्तीचा बाजार याआधीच बसला होता. फोनला सॉफ्टवेअर मारणे हे तिथले रोजचे काम, आणि फ्लॅश बॉक्स, बारीक टोकाची सोल्डरिंग गन, हॉट एअर ही हत्यारे हाताखालची. मोबाइलवर तयार झालेल्या हाताला लॅपटॉपची बायोस चिप परकी नव्हती. चिप लेव्हल काम म्हणतात ते हे.

एच६१ चिपसेटचा बोर्ड हा या टप्प्याचा उत्तम नमुना आहे. २०११ साली आलेले हे बोर्ड शाळा, कार्यालये, सायबर कॅफे अशा सगळीकडे गेले आणि आजही हजारोंच्या संख्येने चालू आहेत. त्यांचे सॉकेट एलजीए ११५५. एप्रिल २०१२ मध्ये त्याच सॉकेटचे, पण २२ नॅनोमीटरचे आयव्ही ब्रिज प्रोसेसर आले. जुन्या बायोसच्या एच६१ वर असा प्रोसेसर बसवला तर डिस्प्ले येत नाही, आणि ग्राहक प्रोसेसर परत घेऊन येतो. आधी मागच्या, म्हणजे सँडी ब्रिज, पिढीचा एखादा साधा सेलेरॉन बसवून बोर्ड सुरू करायचा, बायोस नवा करायचा, मग नवा प्रोसेसर लावायचा, हा क्रम. त्यात एक खाच आहे. बोर्डावरच्या फ्लॅश चिपमध्ये एकट्या बायोसची वस्ती नसते. इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचे फर्मवेअरही तिथेच असते आणि आयव्ही ब्रिजसाठी ते सातव्या आवृत्तीवरून आठव्यावर न्यावे लागते. बऱ्याच बोर्डांवर त्यानंतर मागे फिरता येत नाही.

प्रोग्रामरने थेट लिहिताना ही वाटणी आणखी महत्त्वाची ठरते. चिपमध्ये बोर्डाचा अनुक्रमांक असतो, नेटवर्कचा मॅक पत्ता असू शकतो, आणि विंडोज ८ पासूनच्या लॅपटॉपमध्ये मूळ विंडोजची किल्लीही असते. दुसऱ्याच लॅपटॉपची फाइल आणून ती आहे तशी लिहिली तर लॅपटॉप सुरू होतो खरा, पण त्याची ओळख पुसलेली असते. म्हणून आधी चिप वाचायची. दोनदा वाचायची आणि दोन्ही प्रती जुळतात का ते पाहायचे. क्लिपचा लाल तारेचा कोपरा चिपच्या एक नंबर पिनेवर आहे ना, हे तपासायचे. सगळीकडे एफएफ दिसले तर चिप कोरी आहे असे लगेच मानायचे नाही. बहुधा क्लिप नीट बसलेली नसते. जुळलेली प्रत बाजूला ठेवायची, नव्या फाइलमध्ये जुनी ओळख भरायची आणि मग लिहायचे. बाजारातल्या काही स्वस्त प्रोग्रामरांच्या डेटा तारांवर ३.३ ऐवजी ५ व्होल्ट येतात, आणि अलीकडच्या काही लॅपटॉपांतल्या चिपा तर १.८ व्होल्टच्या असतात; त्यांना ॲडॅप्टरशिवाय हात लावू नये. पॅनेलच्या दारात पॅरामीटर्सचा तक्ता जपणारा मेंटेनन्सचा माणूस आणि बिन फाइलींचा फोल्डर बोर्डाच्या नावाने जपणारा दुकानातला तंत्रज्ञ एकच काम करत असतात.

मधल्या काळात बायोसची जागा यूईएफआयने घेतली. त्यासाठीचा मंच २००५ साली स्थापन झाला. सँडी ब्रिजच्या काळापासून बाजारातले बहुतेक बोर्ड त्यावर आले. पेनड्राइव्हवरून, सेटअपच्या पडद्यातूनच अपडेट करता येऊ लागला. यूईएफआय सुट्या मोड्यूलांचे बनलेले असल्यामुळे जुन्या बोर्डाला नवी सोयही शिकवता येते. एनव्हीएमई डिस्कवरून सुरू न होणाऱ्या बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये तेवढेच एक मोड्यूल भरून ती कुवत देण्याचे काम जाणकार करतात. त्यात बोर्ड गमावण्याची शक्यता असते, आणि प्रोग्रामर व मूळ प्रत जवळ असल्याशिवाय ते करू नये.

जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधले स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे दोष जाहीर झाले, तेव्हा जुन्या बोर्डांची खरी अडचण समोर आली. स्पेक्टरच्या दुरुस्तीचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतली आज्ञावली, बायोसमधून यायचा होता. इंटेलने सँडी ब्रिजसाठी आणि त्याआधीच्याही काही प्रोसेसरांसाठी तो तयार केला, पण कोअर २ पिढीतल्या प्रोसेसरांचे काम एप्रिल २०१८ मध्ये थांबवल्याचे सांगितले. ज्यांच्यासाठी मायक्रोकोड होता त्या बोर्डांपैकी अनेकांच्या उत्पादकांनी नवा बायोस काढलाच नाही. तिथे ऑपरेटिंग सिस्टिमने प्रत्येक वेळी सुरू होताना मायक्रोकोड स्वतः चढवण्याची तडजोड झाली. विंडोज ११ ने २०२१ मध्ये टीपीएम २.० या सुरक्षा-सोयीची आणि नव्या पिढीच्या प्रोसेसरची अट घातली, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि एच६१ सारखे बोर्ड कोणत्याही अपडेटने त्या अटीत बसत नाहीत. असे संगणक लिनक्सवर चालवता येतात. काही निवडक बोर्डांसाठी, १९९९ साली लॉस अलामॉस प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी सुरू केलेल्या आणि २००८ पासून कोअरबूट या नावाने चालणाऱ्या मुक्त फर्मवेअरचा पर्याय आहे. तो वाचता येतो, दुरुस्त करता येतो आणि उत्पादकाने पाठ फिरवल्यावरही जिवंत राहतो.

कारखान्यांत प्रश्न आणखी चिवट आहे. पीसी पाच-सात वर्षांनी बदलता येतो; चांगले सीएनसी यंत्र वीस-पंचवीस वर्षे माल काढते. त्यातले ईप्रॉम आपला विद्युतभार हळूहळू गमावतात आणि बदली बोर्ड मिळणे वर्षागणिक कठीण होते. असे यंत्र सुस्थितीत असतानाच्या काळात, म्हणजे बिघाडाची वाट न पाहता, त्याचे ईप्रॉम एकदा काढून प्रोग्रामरवर वाचावेत, प्रत दोन ठिकाणी ठेवावी, चेकसम स्टिकरवर लिहावा आणि खिडकी पुन्हा झाकावी. पॅरामीटर्सची प्रत कार्डावर आणि कागदावर, अशी दोन्हीकडे असावी. नवी ईप्रॉम लिहून बसवायला अर्धा तास पुरतो, मात्र त्यात लिहायचा मजकूर हाताशी हवा.